हायवेच्या रेस्ट एरियात लेटरबॉक्स लपवताय? या चुका टाळा

लेटरबॉक्सिंग हा लपवलेला डबा शोधायचा खेळ, मूळचा इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानाचा. १८५४ साली जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी बाटली ठेवली आणि तिथवर पोचणारे तिच्यात आपलं कार्ड टाकू लागले. १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात लेख आला आणि खेळ अमेरिकेत पसरला. हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही डब्यात घालून लपवायची, शोधायच्या सूचना जाहीर करायच्या. शोधणारा डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवतो, आपला शिक्का डब्यातल्या वहीत.

डार्टमूरच्या माळावर चालतं ते अमेरिकेतल्या हायवेच्या रेस्ट एरियात, म्हणजे प्रवाशांनी गाडी थांबवून विसावा घ्यायच्या जागेत, चालत नाही. तिथे दिवसभर गाड्या, कुत्रे फिरवणारे, गवत कापणारे, कचरा उचलणारे. त्यामुळे पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक जागेची. स्वच्छतागृहाची भिंत, व्हेंडिंग मशीनची मागची फट, दिव्याचा खांब, विजेची पेटी, पाण्याची मोरी यांच्याजवळ डबा ठेवूच नका. अशा ठिकाणी बेवारस डबा दिसला की पोलीस येतात, आणि तो लष्करी हिरव्या रंगाचा दारूगोळ्याचा डबा असेल तर प्रकरण आणखी वाढतं. डबा पारदर्शक घ्या, आत काय आहे ते बाहेरून दिसू द्या आणि हा खेळाचा डबा असल्याचं इंग्रजीत ठळक लिहा.

परवानगीकडेही सर्रास दुर्लक्ष होतं. इंटरस्टेटवरचे (राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांवरचे) रेस्ट एरिया सहसा राज्याच्या वाहतूक खात्याकडे असतात, त्यांना आधी विचारा. ब्लू रिज पार्कवेसारख्या रस्त्यावरचे व्ह्यू पॉइंट मात्र नॅशनल पार्क सर्व्हिसचे. तिथे एरवी २४ तासांपेक्षा जास्त वेळ कोणतीही वस्तू बेवारस ठेवायला बंदी आहे, मग दगडी कठड्यातला दगड सरकवून डबा घुसवणं तर दूरच.

मागे पायवाट असलेला थांबा निवडा. जिथवर गवत कापतात त्या हद्दीच्या पलीकडे, पडक्या खोडाच्या उताराकडच्या बाजूला, जमिनीपासून थोडा वर डबा ठेवा. खणू नका. सखल खड्डा लपवायला सोयीचा वाटतो, पण पहिल्याच मोठ्या पावसात डबा तरंगतो.

सूचना लिहिताना सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. दुभाजक असलेल्या हायवेवर बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकाच नावाचे रेस्ट एरिया असतात आणि रस्ता ओलांडता येत नाही. ‘पूर्वेकडे जाणाऱ्या लेनवरचा, अमुक मैलाच्या दगडाजवळचा’ एवढं लिहिलं नाही, तर शोधणाऱ्याला पुढच्या एक्झिटवरून कित्येक मैलांचा फेरा पडतो. सुरुवात पिकनिक टेबलापासून किंवा कचरापेटीपासून करू नका, त्या हलवतात. ध्वजस्तंभ किंवा माहितीचा पक्का फलक बरा.

होकायंत्राचे अंश दिले तर ते चुंबकीय उत्तरेचे की नकाशावरच्या उत्तरेचे, हेही सांगा. वॉशिंग्टन राज्यात दोन्हींत साधारण १५ अंशांचा फरक आहे, आणि १५ अंश चुकले की १०० पावलांनंतर माणूस सुमारे २६ पावलं बाजूला पोचतो. ‘पाऊल’ म्हणजे एक टाकलेलं पाऊल की डावं-उजवं मिळून एक, हे न लिहिल्यास अंतर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं.

वही सादळली की लोक डब्याला नावं ठेवतात. बहुधा गुन्हेगार असते ती झिपच्या पिशवीची कडा: झाकण आणि रबरी रिंगच्या मध्ये अडकली की तिथून पाणी झिरपतं. चार क्लिपांचा डबा घ्या, वही आणि शिक्का वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, कडा आत दुमडा आणि रिंगवरची माती पुसून मगच क्लिपा लावा. इंक पॅड आत ठेवू नका, तो गळतो किंवा वाळतो. लोण्याचा किंवा आइसक्रीमचा धुतलेला डबाही नको. प्राण्यांना वास येतो आणि ते तो कुरतडतात.

शिक्का कोरताना अक्षरं उलटी हवीत. मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर सुलटं काढून कागद रबरावर पालथा घासला की ती आपोआप उलटी उतरतात. कोरणी रेषेपासून बाहेर तिरकी धरा. रेषेच्या खालून रबर गेलं तर बारीक रेषा दाबाने तुटते. उमटवताना शिक्का पॅडवर दाबण्यापेक्षा पॅड शिक्क्यावर हलका टेकवा, म्हणजे खाचांत शाई भरत नाही.

शोधणाऱ्यांसाठी: खोडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, तीन-तीन पानांची वेल दिसली तर ती पॉयझन आयव्ही समजून लांब राहा. शिक्के उमटवायला डबा टेबलावर न्या, लपवायच्या जागी घोळका करू नका. शिक्का पुसून कोरडा करूनच परत ठेवा, नाहीतर बुरशी येते. काही थांबे हिवाळ्यात बंद असतात, निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर बघा. डबा मिळाला नाही तर लपवणाऱ्याला कळवा, पण ‘हरवला असेल’ म्हणून त्याच जागी स्वतःचा नवा ठेवू नका. जुना दोन हातांवर पाल्याखाली असतो, आणि पुढच्या माणसाला एकाच सूचनेचे दोन डबे सापडतात.