हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

कॉम्प्युटर चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं, की पोटात गोळा येतो. मुलांचे फोटो, दुकानाचा हिशेब, सगळं त्या एका डिस्कवर असतं. पण हा मेसेज आला म्हणजे डिस्क गेलीच असं नाही. मशीन नंतरही दुरुस्त होतं, आधी डेटा सांभाळायचा, हे मनात पक्कं धरून पुढे जा.

सगळ्यात आधी कान द्या. डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक आवाज येत असेल किंवा खरखर होत असेल, तर मशीन तिथल्या तिथे बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डिस्कमधलं हेड फिरत्या तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते घासायला लागलं की प्रत्येक वेळी चालू करताना डेटा खरवडला जाऊ शकतो. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवण्यासारखे उपाय तर मुळीच करायचे नाहीत. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

तसा आवाज नसेल, तर लावलेले पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) जा. त्यासाठी मशीन चालू होताना दाबायचं बटण कंपनीप्रमाणे बदलतं: डेलला एफ२, एचपीला एफ१०, असेंबल केलेल्या मशीनला बहुधा डिलीट. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. सीगेटच्या डिस्कचा नंबर सहसा 'एसटी'ने सुरू होतो, वेस्टर्न डिजिटलचा 'डब्ल्यूडी'ने. पुढचा सगळा तपास या एका गोष्टीवर ठरतो.

नाव दिसतंय, पण विंडोज चालू होत नाही

आता त्याच स्क्रीनवरची तारीख वाचा. ही पायरी बरेच जण गाळतात. आमच्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्यांना कोणीतरी नवीन डिस्क घ्यायला सांगितलं होतं. मी बायोस उघडलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा रुपयाएवढा सेल संपला होता, त्यामुळे सेटिंग मूळपदावर गेलं होतं. त्यांचं विंडोज ७ जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं, आणि बायोस आता यूईएफआय या नव्या पद्धतीवर, म्हणून दोघांचं जुळत नव्हतं. सेल बदलला, लेगसी पुन्हा चालू केलं आणि पाच मिनिटांत मशीन उभं राहिलं. त्या डिस्कवर काही वर्षांची बिलं होती. फॉरमॅट मारला असता तर?

तारीख चुकलेली असेल तर सेल बदला (नवा सेल मीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो). मग बूट ऑर्डर (मशीन आधी कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं तो क्रम), लेगसी की यूईएफआय आणि साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते) एएचसीआय की रेड, हे तीन बघा. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर अशा बदलानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

नावच दिसत नाही

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. डिस्कला दोन जोडण्या असतात: सात पिनांची बारीक डेटा केबल आणि पंधरा पिनांची पॉवरची. दोन्ही काढून, एल आकाराची खाच जुळवून घट्ट बसवा. तरी नाही तर डेटा केबल बदला. केबल वरून धडधाकट दिसते आणि आतून तुटलेली असते, म्हणून नुसती बघून पास करू नका. मग मदरबोर्डवरचा पोर्ट बदला. नुकतीच एम डॉट टू एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) बसवली असेल, तर काही बोर्डांवर एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो.

पॉवरसाठी एसएमपीएसचा (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) दुसरा कनेक्टर लावून बघा. मात्र केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसला दुसऱ्या मॉडेलची केबल कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि चांगली डिस्क जळते. मशीन चालू करून डिस्कच्या कडेला हलकेच बोट टेकवा. फिरणाऱ्या डिस्कची बारीक थरथर जाणवते. काहीच जाणवत नसेल, तर पॉवर पोचत नाही किंवा डिस्कचं सर्किट नाहीतर मोटर गेली आहे. एसएसडीला ही परीक्षा लागू नाही.

शेवटी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा. लॅपटॉपच्या साटा डिस्कला साधा यूएसबी अडॅप्टर चालतो. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. विंडोजने 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करू का विचारलं, तर कॅन्सल करा. फाइल दिसल्या तर लगेच दुसरीकडे कॉपी करून घ्या, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेले) आणि 'पेंडिंग' (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, यांचे आकडे बघा. ते आठवडाभरात वाढताना दिसले, तर ती डिस्क कामातून काढा.