शॅमेलिऑनच्या अंगावर डाग दिसला? काहीही लावण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या फोनवर शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्यांकडून डागांचे फोटो यायला लागतात. काळा डाग, पांढरा डाग, पिवळट खपली. खाली ठरलेला प्रश्न: "सर, काय झालंय आणि काय लावू?" विचारणाऱ्या बहुतेकांनी तोवर काहीतरी लावलेलं असतंच.

डाग कसा दिसतो यापेक्षा तो अंगावर कुठे आहे आणि कधीपासून आहे, यावरून जास्त कळतं. म्हणून आधी उजेडात फोटो काढा, तारीख लिहा, आणि मग प्राण्याकडे नव्हे, पिंजऱ्याकडे बघा.

हे सगळं व्हेल्ड आणि पँथर या पाळल्या जाणाऱ्या विदेशी शॅमेलिऑनबद्दल चाललंय. गोकाककडच्या माळावर सापडलेला देशी शॅमेलिऑन कुणी घरी आणला असेल तर उपाय एकच, वन विभागाला फोन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. विदेशी प्राण्याचीही केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा "त्याची काय गरज नाही वो" म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

पाठीवरचा डाग आणि वरचा बल्ब

पाठीच्या कण्यावर किंवा डोक्याच्या तुऱ्यावर डाग असेल तर मी त्वचेबद्दल काहीच विचारत नाही. बल्ब कुठे आहे, ते विचारतो.

वडगावातल्या एका पोराची गोष्ट सांगतो. घरात यंत्रमाग, माडीवर याचा व्हेल्ड. डिसेंबरात थंडी वाढली, तसा यानं साठ वॅटचा बल्ब काढून शंभरचा बसवला आणि तोही थेट वरच्या जाळीवर टेकवून. प्राणी ऊब घ्यायला जाळीला उलटा चिकटून बसायचा. याला वाटलं, बघा कसा खूश आहे. शॅमेलिऑनची पाठ भाजत असली तरी तो वेळेत बाजूला सरकत नाही, आणि भाजल्याची खूण त्याच दिवशी दिसतेच असं नाही. आधी फिकट तपकिरी पट्टा आला. कात टाकतोय, असं याला वाटलं. मग पट्टा काळा पडला. घरातल्यांनी खोबरेल तेलात हळद कालवून दिली. "दोन टाइम लावलो की सर, एक दिवस चुकवलो नाही," असं अभिमानानं सांगत होता. खपली निघाली तेव्हा खाली ओलं मांस. मी बघायला गेलो तर पाठ हळदीनं पिवळीधमक, तेलाला धूळ चिकटलेली, आणि बल्ब जिथल्या तिथे चालू! जाळीवर हात ठेवला, तो टिकला नाही.

हळदीचा खरा तोटा असा की जखम किती खोल आहे हे डॉक्टरांनाही दिसेना. साफ करण्यातच प्राण्याचे हाल झाले. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्यानं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आणि अँटिबायोटिक चाललं, भरून यायला महिने गेले. त्या जागी पाठीवरचे काटे परत आले नाहीत.

माझी सवय सांगतो. प्राणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकेल तिथे हाताची मागची बाजू पाच मिनिटं धरायची. चटका लागला तर बल्ब वर घ्यायचा. मी जाळीवर पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवून त्यावर बल्बचं कव्हर टेकवतो. ऊन खाण्याच्या फांदीवर तापमापी तीसच्या आसपास दाखवायला हवा. रात्री बल्ब बंद. घरात पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरलं तरी धडधाकट मोठ्या व्हेल्डला काही होत नाही. थंडी तुम्हाला वाजते, त्याला नाही.

पावसात फवारा

दुसरा माझा नावडता प्रकार. कुठल्यातरी कोरड्या देशातल्या माणसाचा व्हिडिओ बघायचा आणि जुलैत बेळगावकडच्या खानापुरात बसून दिवसातून चार वेळा फवारा मारायचा. वर धुकं सोडणारा फॉगर, आणि पिंजरा म्हणजे माशांची काचेची टाकी. अहो, तिथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, हा प्राणी कसा वाळणार?

अशा ओलीत एखाद्या ओरखड्यातून बुरशी शिरते. पिवळट-तपकिरी खपली येते, मग दुसऱ्या जागी, मग पायावर. नॅनिझिओप्सिस गटातली बुरशी त्वचेत खोल जाते. कात टाकली की डाग गेल्यासारखा वाटतो, मालक निर्धास्त होतो आणि डाग परत येतो. मेडिकलमधलं खाज-गजकर्णाचं मलम तर लावूच नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं सूज उतरते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वरवर खरवडून केलेली तपासणीही पुरत नाही, त्वचेचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. औषध पोटातून द्यावं लागतं, तेही आठवडे-महिने. आठवड्यात फरक मागणाऱ्यांनी मासे पाळावेत. खरं तर तेही नको.

पावसाळ्यात मी फक्त सकाळी एकदा फवारतो, पिण्यासाठी थेंब थेंब पाणी सोडतो. पिंजरा जाळीचा, तळाला रद्दी, आणि दुपारपर्यंत पानं कोरडी व्हायलाच हवीत. खोलीत पंखा चालू, पण त्याच्या तोंडावर नाही.

बाकीच्या चुका

कात ओढून काढू नका. शॅमेलिऑनची कात तुकड्यातुकड्यांनीच निघते. बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला अडकली तर सकाळचा फवारा जरा लांबवा. तिथे अडकलेली कात आवळत जाते, म्हणून लक्ष ठेवा.

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हिशेबात धरू नका, काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, गच्चीवर कोवळं ऊन द्या आणि तिथेच बसून राहा. घारी, कावळे, मांजरं वाट बघत असतात.

रात्री पिंजऱ्यात खायचे क्रिकेट (रातकिडे) सोडून झोपू नका. तेच त्याला कुरतडतात.

सोयाबीनच्या शेतातले नाकतोडे फुकट मिळतात, फवारणीसकट.

नर व्हेल्डच्या मागच्या टाचेला जन्मापासून गाठीसारखा काटा असतो. चामखीळ समजून कापायला निघालेला माणूस मला भेटलाय.

मादीच्या अंगावर अचानक निळे-पिवळे ठिपके आले तर तो आजार नाही, पोटात अंडी असू शकतात. नर नसला तरी ती अंडी घालते. ओलसर वाळूचं खोल घमेलं लगेच ठेवा. जागा नाही मिळाली तर अंडी अडकून मरते.

गळ्याजवळ मऊ सूज असेल तर व्हिटॅमिनची पावडर थांबवून डॉक्टरांना विचारा. त्वचेखाली दोऱ्यासारखं काही सरकताना दिसलं तर तो जंत असतो, आणि बहुधा प्राणी रानातून पकडलेला. गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचू नका. कासवाला तर ते जीवघेणं ठरतं.

आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला, त्यात त्यांचा दोष नाही. सरपटणारे प्राणी बघणारा पुण्यात किंवा बेंगळुरूत शोधावा लागतो. आधी व्हिडिओ कॉल करा. सोबत डागाचे तारखेनिशी फोटो, बल्बचे वॅट आणि अंतर, यूव्ही ट्यूब कधी बसवली ते, खाण्यातली पावडर, एवढं लिहून ठेवा. न्यावंच लागलं तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक काठी आडवी बसवून, पहाटे निघा, आणि वाटेत झाकण उघडून बघत बसू नका.