युरियात दाणेदार औषध मिसळू नका, खाचरात बगळे चरत आहेत

लावणीनंतर युरियात दाणेदार कीटकनाशक कालवून फेकायची सवय भाताला दरवर्षी नडते. ती या पंधरवड्यात मोडा. कीड पाहिलेली नसते, गाभेमर (खोडकिडीने वाळलेले फुटव्यांचे गाभे) मोजलेली नसते. दुकानदार गोणीबरोबर पिशवी देतो, 'आत्ताच टाका, नंतर बघायला नको' म्हणतो, आणि औषध पडते ते थेट बगळ्यांच्या पाण्यात.

विष गांडूळ, बेडूक, खेकड्यांत उतरते. ते खाल्लेला बगळा पंख पाडून बांधावर बसतो, मान थरथरते, उडता येत नाही. असे दिसले तर आधी बांधाची वाट बुजवा, पाणी खालच्या खाचरात जाऊ देऊ नका. मेलेले पक्षी हातमोजे घालून खोल पुरा. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

नेमका हाच काळ बगळ्यांच्या विणीचा. गायबगळ्याची चोच पिवळी, डोके-मान आता नारिंगी. तो बैलांच्या आणि पॉवर टिलरच्या मागे चालत नाकतोडे, रातकिडे, अळ्या टिपतो. छोट्या बगळ्याची चोच व पाय काळे, बोटे पिवळी. तो एक पाय चिखलात हलवून दडलेले मासे, किडे उठवतो. बेडूकही खातात, हे खरे. पण भाताच्या दाण्याला शिवत नाहीत. गावालगतच्या चिंचेवर, वडावर काटक्यांची घरटी असतात. गायबगळ्याची अंडी साधारण ३ ते ५, सुमारे २४ दिवस नर-मादी पाळीने उबवतात आणि पिल्ले उडायला महिना घेतात. एक जोडीदार खाचरात मेला की दुसऱ्याला घरटे उघडे टाकून चाऱ्याला जावे लागते. कावळे तेवढीच वाट पाहतात.

मग औषध कधी? लावणीनंतर पहिले ३० दिवस पाने खाणाऱ्या किडीसाठी काही नको, फुटवे ती झीज भरून काढतात. खोडकिडीसाठी कर्णरेषेत चालत २० चूड (रोपांचे झुबके) तपासा. शंभर फुटव्यांत पाच गाभे वाळलेले आणि ओढताच निघणारे असतील तरच क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार, एकरी ४ किलो. पाणी दोन बोटे ठेवा, चार दिवस बाहेर सोडू नका, मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा. टाकण्यापूर्वी पक्षी हुसकवा. 'फुटवे वाढवणारे' महागडे दाणे घेऊ नका, तो पैसा वाया जातो.

एक अदमास, शिफारस नव्हे: बगळे सलग दोन सकाळी एकाच कोपऱ्यात दाट उतरले तर तिथली पाने उलटून पाहा, बहुधा लष्करी अळी निघते. चौरस मीटरला ४-५ अळ्या ही फवारणीची पातळी. त्याआधी पाणी बांधून ठेवा. अळ्या वर चढतात आणि पक्षी वेचतात. टी आकाराचे पक्षीथांबे कोतवाल, साळुंकीसाठी ठीक. बगळा चालत चरतो, त्याच्यासाठी ते विकत घेऊ नका.

नेहमीची कामे:
- चिखलणी दिवसाउजेडी
- लावणीआधी रोपांचे शेंडे कापून अंडीपुंज नष्ट
- बांधावरचे गवत काढणे
- नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे) आठवड्याच्या आत
- पंप ओढ्यात न धुणे

खेकडे मारायला ठेवलेले विषारी आमिष हा याच चुकीचा दुसरा भाग. शिफारस अशी: १ किलो शिजवलेला भात, ७५ ग्रॅम ॲसिफेट ७५ टक्के, त्याचे सुमारे १०० गोळे, एका बिळात एक. गोळा हातभर आत सारून बीळ चिखलाने बुजवलेच पाहिजे. बांधावर उघडा पडलेला गोळा कोंबड्याही खातात, आणि अर्धमेला खेकडा बाहेर आला की बगळा उचलतो. दुसऱ्या दिवशी फेरी मारून उघडी बिळे पुन्हा बुजवा.

घरट्यांच्या झाडाखाली विष्ठेचा वास येतो, म्हणून भर पावसात फांद्या तोडल्या जातात. बगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. गुरे दोन महिने दुसरीकडे बांधा, विष्ठा पालापाचोळ्यासह खड्ड्यात कुजवा, छाटणी दिवाळीनंतर करा.