बँकॉकमध्ये शाकाहारी जेवायचं असेल तर निघण्याआधीची तयारी

बँकॉकला शाकाहारी मिळतं का, असं विचारत बसू नका. मिळतं, भरपूर मिळतं. अडतं ते दुपारी अडीच वाजता, घरातली वडीलधारी आणि भुकेली पोरं सोबत असताना, नकाशावर 'उघडं आहे' असं लिहिलेल्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं दिसतं तेव्हा. पासपोर्ट, बाथ, सिमकार्ड यांबद्दल मी लिहीत नाही. खाकरे आणि चिवडा तुम्ही न सांगता भरणारच.

आधी ठिकाणं शोधा, आणि ती घरी बसूनच शोधा. गूगलवर इंग्रजीत 'व्हेजिटेरियन' टाकलं की ज्यांच्या मेनूत एक सॅलड आहे तीही हॉटेलं येतात. हॅपीकाउ या ॲपवर चाळणी बरी लागते: हिरवी खूण म्हणजे व्हीगन, जांभळी म्हणजे शाकाहारी, लाल म्हणजे मांसाहारी हॉटेल पण शाकाहारी पदार्थही मिळतात. लाल वगळा आणि मग यादी करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे 'आहान जे' ('जे' पद्धतीचं शाकाहारी जेवण) हे शब्द थाई लिपीत कुठून तरी कॉपी करून नकाशाच्या शोधात टाकायचे. ज्या टपऱ्यांना इंग्रजी नावच नाही, त्या अशाच सापडतात.

'जे' ही खूण डोळ्यांत बसवून घ्या. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, इंग्रजीत लिहिलेल्या सतरासारखी दिसणारी. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं. आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना यापेक्षा काय हवं? जैन मंडळींनी मात्र हुरळून जाऊ नये, कंदमुळं आणि मश्रूम असतातच. ताटात कोंबडीच्या तुकड्यासारखं, अगदी कातडीसकट काहीतरी दिसेल. ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट सरकवून उठतील. 'मांगसविरात' लिहिलं असेल तर तिथे अंडं-दूध चालतं. आपल्याला अंडं नको, म्हणून तिथे वेगळं सांगायचं.

आता फोन. ही यादी फोनसाठीच लिहिली आहे. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाकडून त्या ठिकाणी थाईमध्ये फोन करवून घ्या. आदल्या दिवशी नको, त्याच सकाळी. 'जे'ची छोटी दुकानं पहाटेपासून चालतात आणि जेवणाची वेळ उलटली की भांडी रिकामी होऊन बंद होतात. काहींना रविवारी सुट्टी असते, काही सणासाठी गावी जातात, आणि यातलं काहीही नकाशाला ठाऊक नसतं. मागच्या खेपेला माझ्याकडे नावं होती, पत्ते होते, उतरायचं स्टेशनही लिहिलेलं होतं. फोन तेवढा केला नव्हता. दोन मिनिटांचं काम आहे. रिसेप्शनवाले हसून करतात, संकोच कशाला?

फोनवर विचारायचं ते आधीच कागदावर लिहा: आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत जेवण असतं, सहा-आठ माणसं बसतील का. एवढंच. गल्ली लांबलचक असेल तर तेही विचारा, कारण नकाशावरची 'सोय' (थाईत गल्ली) बोटभर दिसते आणि उन्हात संपता संपत नाही.

साध्या थाई हॉटेलात जावं लागलंच तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. भाजीत 'नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी पडतं, हिरव्या-लाल करीच्या वाटणात 'कापी' म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, आणि परतलेल्या पालेभाजीत कालवांचा सॉस. 'माय साय नाम प्ला', 'माय साय कापी', 'माय साय खाय' (अंडं घालू नका), हे थाई लिपीत छापून खिशात ठेवा. आपला उच्चार त्यांना कळत नाही. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर; तिच्या गाडीवर थोडं थांबून बघा. बाई उंच खलात लसूण-मिरची कुटते, त्यात सुकी कोळंबी टाकते, पपईचा कीस घालते, लाकडी मुसळ मारता मारता दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालवर करते, आणि प्लेट भरली की त्याच खलात पुढच्याचं कुटायला घेते. तुमच्यासाठी कोळंबी न घालताही खल तोच राहतो. पटत असेल तर खा, नसेल तर 'जे'च्या टपरीवरच सोम ताम मागा.

बुफेचं गणित निराळं. मोठ्या हॉटेलांच्या दरापुढे दोन अधिकच्या खुणा असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ७ टक्के व्हॅट धरा. १००० बाथचं जेवण ११७७ ला पडतं. मुलांचा दर काही ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतो, तेव्हा उंच पोराच्या आईने आधी विचारलेलं बरं. इथेही फोन, हो, इथेही: बुफे रोज असतो की फक्त शनिवार-रविवारी, आणि शाकाहारींसाठी वेगळं काय करता. 'सॅलड आणि फळं आहेत' असं उत्तर आलं की विषय संपला, तेवढे पैसे देऊ नका. गेलात तर पाटीवर विसंबू नका. भाज्यांच्या सूपचं पाणी हाडांचं असू शकतं, नूडल्सच्या काउंटरवर सगळ्यांचं एकाच भांड्यात उकळतं, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटिन असू शकतं. सुरुवातीलाच जा, चिमटे एकमेकांत मिसळायच्या आत.

'जे'च्या उत्सवात गेलात तर मजा आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, यावारात या चिनी वस्तीभर पिवळी निशाणं, बहुतेकदा आपल्या नवरात्राच्याच सुमारास. पण दरवर्षी गृहीत धरू नका; २०२५ मध्ये त्यांचा उत्सव ऐन दिवाळीत आला होता. तारखा बघून तिकीट काढा.

भारतीय जेवण हवंच असेल तर पाहुरात ही तिथली भारतीय वस्ती गाठा. तिथल्या गुरुद्वारात लंगर असतो, डोकं झाकायला रुमाल न्या. वेळ? फोन करून.

पाण्याची बाटली, टिश्यू, दुकानाचं नाव थाईत लिहिलेला कागद टॅक्सीवाल्यासाठी. बाकी सुचेल ते घ्या. विमानातलं जेवण निदान २४ तास आधी नोंदवा, आणि 'हिंदू मील' निवडू नका, त्यात मांस असू शकतं. एशियन व्हेज नाहीतर जैन निवडा, जाताना आणि येताना दोन्हीकडे.