युरिक ॲसिडची गोळी सुरू केल्यावर
वडिलांचं गाऊटचं (युरिक ॲसिड सांध्यात साचून ठणका लागण्याच्या आजाराचं) औषधपाणी मीच बघते, म्हणून कळकळीने सांगते: ठणका थांबला म्हणून ॲलोप्युरिनॉल बंद करू नका. ही दुखणं मारणारी गोळी नाही. शरीरात युरिक ॲसिड तयार होणंच ती कमी करते. डॉक्टर सहसा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करतात, मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून पातळी ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येईपर्यंत वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत सांधा पुन्हा भडकू शकतो, कारण सांध्यात साचलेले युरिक ॲसिडचे स्फटिक विरघळू लागतात. त्यासाठीच सोबत थोडं कोल्चिसिन, म्हणजे असा भडका आवरणारं औषध, देतात. घाबरून गोळी सोडू नका. मात्र अंगावर पुरळ उठलं, तर ती तिथेच थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा, कारण दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं ठरू शकतं.