जेसीबीचं लॉगबुक आणि ऑडिटमधली माझी पहिली दोन वर्षं

लोकल फंड ऑडिटला म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षेला (ग्रामपंचायती, नगरपालिका असल्यांचे हिशोब तपासणारं सरकारी खातं) नवीन लागलेली पोरं विचारतात की दादा सुरुवात कुठनं करायची, म्हणून लिहितोय. मी शिवाजी विद्यापीठाचा बीकॉम, त्यानंतर राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं खुर्ची झिजवली. राज्यघटनेची कलमं १४८ ते १५१ तोंडपाठ, कॅगचा म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांकडं, तिथनं विधिमंडळात, मग लोकलेखा समिती, सगळं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि पहिल्या आठवड्यात हातात काय आलं तर जेसीबीचं लॉगबुक, म्हणजे मशीन कधी, कुठं, किती तास चाललं त्याची वही, ऑईलचे डाग पडलेली.

दरकरार म्हणजे काय ते आधी डोक्यात घ्या. टेंडरमध्ये दर ठरतो, काम किती होणार ते ठरत नाही. जेसीबी तासाला इतके, टँकर खेपेला इतके, दिवाबत्ती दुरुस्ती पोलमागं इतके. गरज लागेल तसं काम सांगायचं, होईल तसं बिल काढायचं. सोय म्हणून हे चांगलंच आहे, पाईप फुटल्यावर कोण टेंडर काढत बसणार? पण वरचा आकडा मोकळा सोडला की तो मोकळाच सुटतो.

मी काय केलं, चार दिवस टेंडरची फाईलच वाचत बसलो. तीन निविदा, अनामत, तुलनात्मक तक्ता, सगळं चोख. आमचे सीनियर, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, ते म्हणाले, "अरे फाईल सजवलेलीच असते, नवरीगत. तू प्रमाणकं काढ आणि लॉगबुक काढ." प्रमाणकं म्हणजे खर्चाची व्हाउचरं.

काढलं. नदीकाठचं गाव, नाव सांगत नाही. २०२१ च्या पुरानंतर गाळ उचलायला जेसीबी लावलेला. २४ जुलैला एका गल्लीत ९ तास काम असं लिहिलेलं. आता कोल्हापूरकराला सांगायला नको, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, आणि त्या दिवशी पंचगंगा ४३ च्या कितीतरी वर होती. ती गल्ली पाण्याखाली होती हो! पाण्यात बुडलेल्या गल्लीतला गाळ कोणता जेसीबी काढतो? दर अगदी बरोबर लावलेला, गुणाकारसुद्धा बरोबर. खोट तासांत होती.

तेव्हापासनं माझी सवय ठरली. बिल हातात आलं की आधी मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती), लॉगबुक, खेपेची चिठ्ठी आणि काम झाल्याचा दाखला कुणी, कधी सही करून दिला ते बघायचं. महिन्याची सगळी पानं एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली असतील तर लगेच कळतं, त्याला काही शिकावं लागत नाही. मग मुदतवाढ बघा, वर्षाचा करार तीन-तीन महिन्यांनी वाढत कुठवर गेला. बांधकामाला बी-१ टेंडर (बांधकाम खात्याचा ठराविक छापील नमुना) असेल तर कलम ३८ वाचाच, मूळ मात्रेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त काम झालं की दराचा विषय परत उघडतो, आणि बरेच जण तिथं गप्प बसतात. अमेरिकेत अशा मोकळ्या मात्रेच्या सरकारी करारात किमान आणि कमाल आकडा लिहावाच लागतो, आणि खर्चावर टक्केवारीनं नफा द्यायचा करार तर तिथं बंदच आहे, कारण उघड आहे, खर्च जितका वाढवाल तितका नफा.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे कुठनं येणार. वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केंद्रात २००३ चा, महाराष्ट्रात २००५ चा, परीक्षेला आपण तूट वगैरे पाठ करतो. गावपातळीवर तूट दिसते ती न भागवलेल्या बिलांच्या गठ्ठ्यात. लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटातल्या त्या खात्यावर, तरतूद संपलेली, तरी ऑर्डर चालू, बिलं पुढच्या वर्षाच्या गळ्यात. म्हणून ३१ मार्चच्या कॅशबुकासोबत दायित्व नोंदवही, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या रकमांची वही, मागाच, "सापडत नाही" म्हणाले तर तेच लिहा.

अर्धसमास म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप लिहिताना मात्र "संशय आहे" असलं काही लिहू नका. तारीख, प्रमाणक नंबर, तास, रक्कम, आणि प्रश्न, बास. मी पहिल्यांदा अर्ध्या पानाचं भाषण लिहिलेलं, साहेबांनी एक ओळ ठेवली, बाकी सगळं काटलं.

त्या ९ तासांचं अनुपालन, म्हणजे आमच्या आक्षेपाला त्यांचं उत्तर, आलं सहा महिन्यांनी: "लॉगबुकमध्ये तारीख नजरचुकीने पडली." सोबत दुरुस्त पानाची झेरॉक्स, त्यात तारीख ऑगस्टमधली आणि तेच ९ तास. आता त्या तारखेला तोच जेसीबी दुसऱ्या गल्लीत ८ तास आधीच लिहिलेला होता. मी फक्त दोन्ही पानं शेजारी लावून परत पाठवली.