बेदाणा ठेवायचा की विकायचा? हिशेबातल्या या चुका टाळा

दर पडला की तासगाव-सांगलीच्या सौद्यात हे हमखास ऐकू येतं: "किलोला 180 खर्च पडलाय, 150 नं कसा देऊ?" आणि माल कोल्ड स्टोरेजला परत. पहिली चूक इथंच होते. ते 180 आज विकलं तरी गेलेत, दिवाळीत विकलं तरी गेलेत. बघायचं ते पुढचं. महिना शेकडा 1 व्याज धरलं तर 150 वर 4 महिन्यांत 6 रुपये झाले. वर स्टोरेजचं भाडं आणि वजनातली घट. म्हणजे 156 आणि वर हा खर्च सुटेल एवढा दर येण्याची खरीच चिन्हं असतील, तर थांबा. या गणितात 180 कुठंच येत नाहीत. बाजार तुमचा खर्च विचारून चढत नाही.

"पोरगा बी.कॉम. आहे, तो बघतो," यावरही विसंबू नका. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांच्या 1985 च्या अभ्यासात अर्थशास्त्र शिकलेले विद्यार्थीही गेलेल्या पैशात इतरांइतकेच अडकले. 1990 मध्ये लॅरिक, मॉर्गन आणि निस्बेट यांना मात्र प्रशिक्षणानं फरक पडलेला दिसला. तिथं गेलेलं सोडून पुढचं बघायचा हाच नियम रोजच्या उदाहरणांवर लावायला शिकवला होता. तेव्हा पोराला आपल्याच जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या द्या. माल ठेवला त्या दिवशीचा दर आणि शेवटी हातात पडलेले पैसे शेजारी शेजारी मांडू दे. वर्षानुवर्षांचा अनुभवही असा मांडल्याशिवाय कामाचा नाही, कारण थांबून दर मिळाला ते एक साल आपण सगळ्यांना सांगतो, नुसतं भाडं भरलं ती सालं कुणी काढत नाही.

हा नियम अर्धवट शिकलेल्यांची चूक उलटी असते. समजा बागेत एकरी 2 लाख गेलेत, पावसानं घड कुजलेत, माल निघेपर्यंत अजून 60 हजार लागतील आणि हाती 1 लाख येतील. "तोट्यातच आहे, सोडा" म्हणणारा इथं चुकतो. आता सोडली तर तोटा 2 लाख, काढली तर 1 लाख 60 हजार. फवारणी चालू ठेवा. पुढच्या पावसानं 60 चे 1 लाख 10 हजार झाले, तर त्या दिवशी थांबा.

आणि ज्यानं माल ठेवला त्यानं हा हिशेब स्वतः करू नये. ज्यानं आधीचा निर्णय घेतला तोच बुडत्या कामात जास्त पैसा ओततो, हे संशोधक स्टॉ यांनी 1976 मध्येच दाखवलंय. धाकट्या भावाला सांगा, वहिनींना सांगा. अडत्याला नको, त्याच्याकडून उचल घेतली असेल तर त्याचा सल्ला आधी त्याच्या वसुलीचा असतो.